‘ताता’ म्हणणाऱ्याला ‘काका’ बरोबर ऐकू येतं

दोन-अडीच वर्षांचं मूल काकाला ‘ताता’ म्हणतं. घरातले हसतात. काकाही कौतुकाने विचारतो, ‘‘काय रे, ताताकडे येतोस?’’ आणि मूल चिडतं. ‘‘ताता नाही, ताता!’’ मोठ्यांना वाटतं, याला ‘क’ आणि ‘त’ यातला फरकच कळत नाही. प्रत्यक्षात तो फरक कळतो म्हणूनच ते चिडलेलं असतं. काका चुकीचं बोलला हे त्याने पकडलेलं असतं, फक्त दुरुस्ती सांगायला त्याच्याकडे ‘क’ नसतो.

अमेरिकेतले संशोधक जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी 1960 साली नेमका हाच प्रसंग नोंदवून ठेवला. एका मुलाकडे प्लॅस्टिकचा मासा होता आणि ते त्याला ‘फिश’ऐवजी ‘फिस’ म्हणायचं. मोठ्या माणसाने विचारलं, ‘‘हा तुझा फिस का?’’ मूल म्हणालं, ‘‘नाही, माझा फिस.’’ पुन्हा विचारलं, पुन्हा नकार. शेवटी विचारलं, ‘‘तुझा फिश?’’ तेव्हा लगेच उत्तर आलं, ‘‘हो, माझा फिस.’’ शब्द मुलाच्या डोक्यात बरोबर साठवलेला होता, तोंडातून मात्र दुसराच बाहेर पडत होता. भाषा शिकणाऱ्या मुलांच्या अभ्यासात या छोट्या संवादाला फार मानाचं स्थान आहे.

कान तर त्याही आधी तयार झालेले असतात. 1971 साली पीटर आयमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक आणि चार महिन्यांच्या बाळांना ‘बा’ आणि ‘पा’ असे आवाज ऐकवले. आवाज बदलला की बाळाचा चोखणी चोखण्याचा वेग बदलायचा, त्यावरून फरक ओळखल्याचं समजायचं. आपल्या दृष्टीने याहून रंजक प्रयोग जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा, 1984 सालचा. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना त्यांनी हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. हा भेद इंग्रजीत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो ऐकू आला, दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना. ज्या घरात रोज ‘पाट’ आणि ‘पात’ कानावर पडतात तिथल्या बाळांचा हा कान टिकतो. म्हणजे ‘टोपी’ला ‘तोपी’ म्हणणाऱ्या मराठी मुलाचा कान एव्हाना ‘ट’साठी तयार झालेला असतो, जीभ मागे राहिलेली असते.

ती मागे का राहते हे समजायला शाळेत पाठ केलेली वर्णमाला पुरते. क-वर्ग कंठ्य, च-वर्ग तालव्य, ट-वर्ग मूर्धन्य, त-वर्ग दंत्य, प-वर्ग ओष्ठ्य. हा तोंडाचा नकाशाच आहे, घशाकडून ओठांकडे येणारा. मूल साधारणपणे हा नकाशा उलट्या टोकाने वाचायला घेतं. आधी ‘म’, ‘ब’, ‘प’, कारण ओठ मिटायला जबड्याची वरखाली हालचाल पुरते, जिभेला वेगळं काही करावं लागत नाही. मग ‘त’, ‘द’, ‘न’. ‘क’, ‘ग’ पुष्कळ मुलांत त्यानंतर. ‘स’, ‘श’ उशिरा, आणि ‘र’, ‘ळ’ अगदी शेवटी. हा क्रम काटेकोर नसतो, काही मुलं ‘क’ पटकन उचलतात.

इथे एक कोडं आहे. तीन महिन्यांचं बाळ पाळण्यात पडून ‘अग्गू, अग्गू’ करतं. ‘ग’ तर कंठ्य! मग दोन वर्षांचं झाल्यावर तेच मूल ‘गाडी’ला ‘दादी’ कसं म्हणतं? उत्तर तोंडाच्या रचनेत आहे. तान्ह्या बाळाची जीभ तोंडाच्या मानाने मोठी असते, जवळजवळ सगळी पोकळी तीच भरून टाकते. स्वरयंत्रही आपल्यापेक्षा बरंच वर असतं. बाळ उताणं पडलं की जिभेचा मागचा भाग वजनाने मऊ टाळूला टेकतो आणि आवाज सोडला की ‘ग’सारखं काहीतरी उमटतं. तो ‘ग’ बाळाने मुद्दाम काढलेला नसतो. पुढे मूल बसायला लागतं, जीभ पुढे येते, आणि तो फुकटचा ‘ग’ जातो.

आता खरा ‘क’ म्हणायचा तर दोन कामं एकाच वेळी करावी लागतात. जिभेचा मागचा भाग उचलायचा आणि टोक खाली ठेवायचं. मोठ्यांच्या जिभेचे टोक, मधला भाग, मागचा भाग आणि दोन कडा बऱ्याच प्रमाणात स्वतंत्र हलतात. लहान मुलाची जीभ सुरुवातीला एकाच गोळ्यासारखी, जबड्याबरोबर वर जाते. हे पाहता येतं. कृत्रिम टाळू नावाचं एक साधन आहे: माणसाच्या टाळूच्या मापाने बनवलेली ॲक्रिलिकची पातळ पट्टी. तिच्या एका प्रचलित प्रकारात आठ ओळींत 62 छोटे विद्युत्-अग्र बसवलेले असतात. जीभ जिथे टेकते तिथले अग्र संगणकाच्या पडद्यावर उजळतात. अशा अभ्यासांचा आढावा 1999 साली फिओना गिबन यांनी घेतला. उच्चारदोष असलेल्या शाळकरी वयाच्या 17 मुलांपैकी 12 जणांची जीभ ‘त’सारख्या साध्या ध्वनीलाही दातांपासून मागच्या टाळूपर्यंत एकदम चिकटत होती. दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडात अशी पट्टी बसवणं कठीण, त्यामुळे हा पुरावा मोठ्या आणि अडचण असलेल्या मुलांचा आहे. पण त्यातून एक फार सुंदर गोष्ट कळते. जीभ सगळीकडे चिकटली असेल तर ऐकणाऱ्याला ‘त’ ऐकू येईल की ‘क’, हे ती सुटताना ठरतं. मागचा भाग आधी सुटला आणि टोक शेवटी सुटलं, तर ‘त’. टोक आधी सुटलं, तर ‘क’. म्हणजे मुलाने ‘क’च्या जागी ‘त’ ‘निवडला’ असं म्हणायचंच कारण नाही. त्याने ‘क’ करायला घेतला, जीभ सगळी वर गेली, आणि शेवट चुकला.

याला जोड देणारं निरीक्षण 2007 साली शॅरन इंकेलस आणि इवान रोज यांनी मांडलं. इंग्रजी शिकणारी काही मुलं ‘कप’ला ‘टप’ म्हणतात, पण शब्दाच्या शेवटी आलेला ‘क’, उदाहरणार्थ ‘बुक’मधला, नीट म्हणतात. शब्दाच्या सुरुवातीला आणि भर दिलेल्या अक्षरात आपण ध्वनी जोर लावून म्हणतो. तो जोर मुलाच्या मोठ्या जिभेला पुढच्या टाळूपर्यंत ढकलतो. शेवटी जोर कमी, म्हणून तिथे ‘क’ शाबूत.

‘र’ची गोष्ट वेगळी. मराठी ‘र’मध्ये जिभेचं टोक दातांमागच्या हिरडीला क्षणभर, सेकंदाच्या काही शतांशांत, टपकन लागून सुटतं. टोकाला वेग हवा आणि बाकीची जीभ स्थिर हवी. ‘ल’मध्ये टोक तिथेच टेकून राहतं, हवा कडांनी जाते, घाई नाही. म्हणून ‘राम’चा ‘लाम’. ‘ळ’ला तर दोन्ही संकटं: टोक मागे वळवायचं आणि तिथून पुढे येताना टाळूला चाटून सोडायचं, तेही कडांनी हवा जाऊ देत. म्हणून ‘डोळा’चा ‘दोला’, आणि ‘केळं’ म्हणजे ‘केलं’. ‘आई, केलं’ ऐकून आईला काय केलं हा प्रश्न पडतो आणि मूल फळाच्या टोपलीकडे बोट दाखवत राहतं.

इतकं सगळं जिभेवर ढकलून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं होत नाही. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ नील स्मिथ यांनी आपल्या मुलाच्या बोलण्याचा अभ्यास 1973 साली प्रसिद्ध केला. तो मुलगा ‘पडल’ (डबकं) या शब्दाला ‘पगल’ म्हणे. जिभेला ‘पडल’ जमत नसणार, असं वाटतं ना? पण ‘पझल’ (कोडं) या शब्दाला तोच मुलगा ‘पडल’ म्हणे! तोंड ‘पडल’ म्हणू शकत होतं, फक्त चुकीच्या वेळी. म्हणजे मुलाच्या डोक्यात ध्वनी बदलण्याचे नियम असतात, आणि एक नियम दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करत नाही. ‘झ’चा ‘ड’ होतो, ‘ल’च्या आधीच्या ‘ड’चा ‘ग’ होतो, पण ‘झ’पासून झालेल्या ‘ड’चा ‘ग’ होत नाही. व्याकरणात एक सूत्र लागून गेल्यावर दुसरं लागत नाही अशी व्यवस्था असते, तशीच ही.

भाषाशास्त्रज्ञ वर्नर लिओपोल्ड यांच्या मुलीचं उदाहरणही असंच. दहा महिन्यांची असताना ती इंग्रजी ‘प्रिटी’ चक्क जोडाक्षरासकट म्हणे. वर्षभराने तोच शब्द आधी ‘पिटी’ आणि मग ‘बिडी’ झाला. पालक अशा वेळी घाबरतात. पण पहिला ‘प्रिटी’ पोपटासारखा अख्खा उचललेला होता. नंतर मुलीने ध्वनींची स्वतःची व्यवस्था बसवली आणि तो शब्दही त्या व्यवस्थेत ओढला. ऐकायला अधोगती, प्रत्यक्षात पुढचं पाऊल.

अशा नियमांपैकी दोन मराठी घरांत सतत ऐकू येतात. एकात शेजारचा ध्वनी दुसऱ्याला आपल्यासारखा करून घेतो: ‘टोपी’ची ‘पोपी’, ‘कुत्रा’चा ‘तुत्ता’. दुसऱ्यात दोन ध्वनी जागा बदलतात: ‘पिशवी’ची ‘पिवशी’, ‘चाकू’चा ‘काचू’. हसण्याआधी आपली ‘बादली’ आठवावी. पोर्तुगीज ‘बाल्दे’वरून ‘बालदी’ आली, मुंबईकडे ती अजून तशीच ऐकू येते, आणि ‘ल’-‘द’ची अदलाबदल होऊन ‘बादली’ झाली. ‘सप्त’चा ‘सत्त’ होऊन ‘सात’ आणि ‘दुग्ध’चं ‘दुद्ध’ होऊन ‘दूध’ झालं, तेही जोडाक्षर सोपं करूनच. हे बदल लहान मुलांनी घडवले असं म्हणायला आधार नाही, पण तोंडाला जड जाणाऱ्या जागा दोन्हीकडे त्याच आहेत.

‘मी करलं’, ‘बाबा जाला’ या चुका मात्र उच्चाराच्या नाहीत. ‘बसला’, ‘पडला’, ‘उठला’वरून मुलाने भूतकाळाचा नियम स्वतः शोधला आणि ‘केलं’, ‘गेला’ या अपवादांनाही लावला. ‘करलं’ त्याने सहसा कोणा मोठ्याच्या तोंडून ऐकलेलं नसतं.

आता उपायांविषयी. जिभेला वेखंड आणि मध चोळण्याची प्रथा अजून आहे. त्याने जिभेची हालचाल सुधारत नाही, आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध देणं धोक्याचं आहे: मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. ‘जिभेची तार कापली की बोलेल’ हाही घाईचा सल्ला. तार आखूड असली तर काही बाळांना दूध ओढायला त्रास होतो, पण उशिरा बोलण्याचं कारण ती क्वचितच असते. आणि ‘बाळाला हुशार करणाऱ्या’ व्हिडिओंवर पैसे घालवण्याआधी पॅट्रिशिया कूल यांचा 2003 सालचा प्रयोग लक्षात घ्यावा. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी मँडरिन बोलणारी माणसं बारा वेळा प्रत्यक्ष खेळली, तेव्हा बाळं त्या भाषेतला ध्वनिभेद शिकली. तेच साहित्य पडद्यावर दाखवलं, तेव्हा काहीही शिकली नाहीत.

मुलाचा कान ठीक आहे ना, याचा एक अंदाज घरी घेता येतो. ‘गाडी’ आणि ‘दाढी’ दोन्हीला ‘दादी’ म्हणणाऱ्या मुलासाठी गाडीचं आणि दाढीवाल्या माणसाचं अशी दोन चित्रं घ्या. दोन्ही शब्द त्याला माहीत आहेत याची आधी खात्री करा. मग चित्रं समोर ठेवून, तोंडासमोर कागद धरून, चित्रांकडे न पाहता एकेक नाव सांगा. दहा वेळा विचारा, क्रम आणि चित्रांच्या जागा बदलत राहा. नुसत्या अंदाजाने दहात नऊ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात एक इतकीच आहे. नऊ आले तर या दोन ध्वनींपुरता तरी कान भेद करतो आहे. पाच-सहाच आले तर दुसऱ्या दिवशी, मूल ताजंतवानं असताना, पुन्हा करा. तरीही तसंच आलं, किंवा मूल हाकेला ओ देत नसेल, वारंवार सर्दी होऊन कान दुखत असेल, तर श्रवणतपासणी करून घ्या. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तर आवाज दबून येतो, आणि ‘स’, ‘श’, ‘फ’सारखे क्षीण ध्वनी आधी हरवतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था 1983 सालापासून याच क्षेत्रात काम करते.

वयाचा ठोकताळा असा: परक्या माणसाला दोन वर्षांच्या मुलाचं निम्मं, तीन वर्षांच्या मुलाचं पाऊण आणि चार वर्षांच्या मुलाचं बहुतेक सगळं बोलणं समजावं. 27 भाषांमधल्या अभ्यासांचा 2018 साली घेतलेला आढावा सांगतो, की पाच वर्षांपर्यंत मुलं किमान 93 टक्के व्यंजनं बरोबर उच्चारतात. ‘र’, ‘ळ’ त्याहून थोडे रेंगाळले तरी बिघडत नाही. दीड वर्षापर्यंत एकही शब्द नाही, किंवा येत असलेले शब्द कोणत्याही वयात गेले, तर मात्र थांबू नका. आणि बोबडं म्हणजे तोतरं नव्हे. ध्वनी बदलतो ते बोबडं, शब्द अडतो किंवा अक्षर पुन्हापुन्हा येतं ते तोतरं. दोघांची कारणं आणि उपचार वेगळे.

रोजच्या बोलण्यात ‘नीट म्हण, का-का’ असा हट्ट करण्यापेक्षा बरोबर रूप सहज कानावर घालावं. मूल म्हणालं ‘ताता आला’, तर म्हणा, ‘‘हो, काका आला. काकाने काय आणलं?’’ दोन वाक्यांत दोनदा ‘का-का’ ऐकू आला, आणि गप्पाही थांबल्या नाहीत. चार वर्षांनंतरही ‘त’ हटत नसेल तर वाचा-उपचारतज्ज्ञ जिभेचं टोक खाली धरून ‘क’ काढून घेतात. चमच्याने हा प्रयोग घरी करू नये, उमासा येतो आणि मूल तोंड उघडायलाच घाबरतं. त्यांची दुसरी युक्ती मात्र निरुपद्रवी आहे: मुलाला उताणं झोपवायचं, छताकडे पाहायला सांगायचं आणि ‘ग’ म्हणायला लावायचं. पाळण्यात ‘अग्गू’ काढताना जीभ जशी मागे जात होती, तशीच आताही जाते.