बाह्यग्रहांच्या वातावरणाचा अभ्यास

सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरतो तो बाह्यग्रह, आणि त्याच्या हवेत कुठले वायू आहेत, ती किती तापलीय, वर ढग आहेत का, हे शोधायचं काम म्हणजे हा अभ्यास. गंमत अशी की हे काम करणाऱ्याला बहुतेक वेळा ग्रह दिसतच नाही, दिसतो फक्त तारा, आणि त्याच्या उजेडात कधी, किती आणि कुठल्या रंगात घट झाली यावरून सगळं ओळखायचं, म्हणजे खरं तर हा वजाबाकीचा धंदा आहे.

सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला बाह्यग्रह १९९५ मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांना सापडला, पण कुणाच्या हवेपर्यंत पोचायला २००२ उजाडलं. ग्रहाचं नाव एचडी २०९४५८ बी. हा दर साडेतीन दिवसांनी आपल्या ताऱ्यासमोरून जातो, जायला साधारण तीन तास घेतो आणि तेवढा वेळ ताऱ्याचा उजेड दीडेक टक्क्याने उतरतो. याला मराठीत अधिक्रमण असा छान शब्द आहे, बोलताना मात्र सगळे ट्रान्झिटच म्हणतात. त्या तीन तासांत ताऱ्याचा थोडासा प्रकाश ग्रहाच्या कडेच्या हवेतून गाळून आपल्याकडे येतो, आणि प्रत्येक वायू आपापले ठराविक रंग खाऊन टाकतो, त्यामुळे नेमक्या त्या रंगांत ग्रह जरा फुगल्यासारखा वाटतो. डेव्हिड शारबोनो आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीने बघितलं तर सोडियमच्या पिवळ्या रंगात उजेड आणखी ०.०२ टक्के उतरलेला होता. बस, एवढ्यावरून सोडियम.

अर्थात हा ग्रह सोपा होता. तापलेली, हलक्या वायूंची हवा फुगून वर जाते म्हणून गुरूसारखे तापलेले गोळे आधी हाताला लागतात. पृथ्वी सूर्यासमोरून गेली तर उजेड जेमतेम ०.००८ टक्के उतरेल आणि त्यात हवेचा वाटा आणखी कितीतरी कमी, म्हणून छोट्या ग्रहांसाठी लोक छोटे लाल तारे निवडतात, कारण छोट्या ताऱ्याचा जास्त भाग झाकला जातो, फक्त त्या ताऱ्यांवर डाग फार आणि मधूनच भडकतातही. शिवाय ढग आहेतच. जीजे १२१४ बी या ग्रहावर हबलने कितीतरी ट्रान्झिट बघितले आणि २०१४ मध्ये हाती काय आलं, तर एक सपाट रेघ, म्हणजे सगळ्या रंगांत घट सारखीच! वर दाट ढग, खाली काय आहे ते झाकलेलं.

२०२१ च्या डिसेंबरमध्ये जेम्स वेब दुर्बीण सुटली आणि पुढच्याच वर्षी वास्प-३९ बी या शनीएवढ्या वस्तुमानाच्या ग्रहाच्या वर्णपटात (कुठल्या रंगात किती उजेड उतरला त्याचा आलेख) ४.३ मायक्रॉन तरंगलांबीला कार्बन डायऑक्साइडचा असा उंचवटा दिसला की नवख्यालाही बोट ठेवता यावं. नंतर तिथेच सल्फर डायऑक्साइड मिळाला, जो ताऱ्याच्या प्रकाशामुळे वरच्या हवेत रासायनिक क्रिया होऊन तयार होतो.

पण या क्षेत्राचा खरा स्वभाव कळतो के२-१८ बी या ग्रहावरून. २०१९ मध्ये दोन गटांनी हबलच्या डेटावरून तिथे पाण्याची वाफ असल्याचं सांगितलं, बातम्या झाल्या, मग २०२३ मध्ये निक्कू मधुसूदन यांच्या गटाने वेबने बघितलं तर मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी काही ठळक दिसेना. १.४ मायक्रॉनच्या आसपास पाणी आणि मिथेन दोघंही प्रकाश खातात आणि हबलला तेवढाच तुकडा दिसत होता, म्हणून घोळ. २०२५ मध्ये याच गटाने डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा जाहीर केल्या, पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्मजीव बनवतात, पण इतरांनी तोच डेटा परत तपासून हा निव्वळ नॉइजही असू शकतो म्हटलं. माझ्या मते तरी एवढ्यावर जीवसृष्टीचं नाव घेणं घाईचं आहे.

दुसरी पद्धत उलटी, ग्रह ताऱ्यामागे गेला की किती उष्णता कमी झाली ते मोजायचं. ट्रॅपिस्ट-१ या छोट्या लाल ताऱ्याभोवतीच्या बी या ग्रहाची दिवसाची बाजू २०२३ मध्ये अशीच सुमारे २३० अंश सेल्सिअस भरली, म्हणजे उष्णता रात्रीच्या बाजूला वाहून न्यायला हवा जवळपास नाहीच. आता याच बिनहवेच्या ग्रहाचा उपयोग होतोय: बी आणि त्याचा भाऊ ई लागोपाठ ताऱ्यासमोरून जातात तेव्हा दोघांचेही वर्णपट घ्यायचे, बी मध्ये जे दिसेल ते ताऱ्याच्या डागांचं समजायचं आणि ई मधून वजा करायचं.