जलरोधक कपड्यांची धुलाई आणि पुनर्लेपन

पावसात, बर्फात आणि डोंगरवाऱ्यात वापरायच्या जलरोधक जॅकेट-पँटवरचा मळ काढून त्यांच्या बाहेरच्या कापडाला पुन्हा पाणी झटकायला लावण्याची प्रक्रिया. धुतल्याने असे कपडे बाद होतात, ही समजूत सर्वत्र आढळते आणि तिच्यापायी ते कित्येक मोसम पाण्यात घातलेच जात नाहीत. हा कपडा सगळ्यात जास्त खराब होतो तो न धुतल्यानेच.

रचना : अशा जॅकेटमध्ये दोन वेगळी कामे दोन वेगळे थर करतात. पाणी अडवतो तो आतला पातळ पडदा किंवा पॉलियुरेथेनचा (एका लवचिक प्लास्टिकचा) लेप. बाहेरच्या नायलॉन वा पॉलिस्टर कापडावर दिलेल्या जलत्यागी लेपाचे काम एवढेच, की थेंब कापडात मुरू नयेत, गोळी होऊन ओघळून जावेत. पडद्यांमध्ये गोर-टेक्स सर्वांत प्रसिद्ध. बॉब गोर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉन झटक्यात ताणून हा सच्छिद्र पदार्थ मिळवला, आणि १९७६ पासून त्याचे कपडे बाजारात आले. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबाला फार लहान, पण घामाच्या वाफेला पुरेशी मोठी असतात. सिम्पाटेक्ससारख्या पडद्यांना छिद्रेच नसतात. वाफेचे रेणू एका बाजूने शोषले जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात.

जलत्यागी लेप झिजतो आणि मळतो. मग बाहेरचे कापड पाणी पिते, जड आणि गार होते. पडदा पाणी अडवतच असतो, पण त्याच्यावर ओल्या कापडाचा थर बसल्याने वाफेला वाट उरत नाही. घाम आतल्या बाजूला साचतो, अंग ओले लागते आणि जॅकेट गळते आहे असे वाटते. 'गळक्या' ठरवलेल्या जॅकेटपैकी बरीचशी प्रत्यक्षात अशी असतात.

पारख : स्वच्छ पाण्याचे चार थेंब खांद्यावर, मनगटाशी आणि पाठपिशवीचे पट्टे घासतात तिथे टाकावेत. थेंब गोल राहून घरंगळले तर लेप शाबूत आहे. पसरून कापडावर गडद डाग पडला तर धुण्याची वेळ झाली. गळतीची शंका असेल, तर जॅकेट उलटे करून संशयित भागाचा द्रोण करावा, त्यात पेलाभर पाणी ओतावे आणि खालून कोरडा टिश्यू कागद लावून दहा मिनिटे थांबावे. कागद ओला झाला नाही तर पडदा आणि शिवण ठीक आहेत. ओला झाला, तर पुनर्लेपनाने काही साधणार नाही.

धुलाई : कॉलर आणि मनगटांवर त्वचेचे तेल, सनस्क्रीन व कीटकरोधक मलम यांचा थर बसतो. तेलकट मळ लेपाला झाकतो आणि पॉलियुरेथेनला हळूहळू मऊ करतो. आधी खिसे रिकामे करावेत, सगळ्या चेन आणि वेल्क्रो बंद करावेत (उघडा वेल्क्रो आतले अस्तर खरवडतो), दोऱ्या सैल सोडाव्यात. कॉलर व मनगटांवर थोडे द्रव साबण बोटांनी चोळून दहा मिनिटे ठेवावे.

साधी कपड्यांची पावडर आणि फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नयेत. डिटर्जंटमधील पाणी ओढून घेणारे घटक कापडावर उरतात आणि तिथेच पाणी मुरते. सॉफ्टनर तर कापडावर थर सोडण्यासाठीच बनवलेला असतो, आणि तो थर जलत्यागी लेपाला झाकतो. मशिनच्या साबणाच्या कप्प्यातही तो चिकटलेला राहतो, म्हणून कप्पा बाहेर काढून गरम पाण्याने घासून घ्यावा. अशा कपड्यांसाठीचे खास द्रव साबण मिळते. एक-दोन कपड्यांना साधारण १०० ते १५० मिली लागते, पण त्या बाटलीवरची मात्रा प्रमाण मानावी. पाणी जड असेल तर जास्त घ्यावे लागते. खास साबण मिळाले नाही तर सौम्य द्रव डिटर्जंट थोडेच घेऊन दोनदा, शक्य तर तीनदा खळबळावे. ब्लीच आणि ड्राय क्लीनिंग दोन्ही टाळावे.

पाणी ३० ते ४० अंश से., मशिनचे चक्र सौम्य धुलाईचे, एका वेळी दोन कपडे. जोरात पिळू नये. जलरोधक कापड पाण्याचा फुगा अडवून धरते. वेगाने फिरताना तो फुगा एका बाजूला गेला तर ड्रम आदळू लागतो. बादलीत हाताने धुतले तरी चालते, मात्र खळबळताना फेस पूर्ण जाईपर्यंत पाणी बदलत राहावे.

उष्णता : लेपाचे सूक्ष्म रेणू वापराने आडवे पडतात, उबेने पुन्हा उभे राहतात. म्हणून नवा लेप विकत घेण्याआधी ही पायरी करून पाहावी. कपडा वाळल्यावर टंबल ड्रायरमध्ये मंद-मध्यम तापमानावर आणखी २० मिनिटे फिरवावा. ड्रायर नसेल, तर मधे सुती फडके ठेवून कोमट इस्त्री फिरवावी, वाफ बंद ठेवावी. आधी लेबल वाचावे. इस्त्री किंवा ड्रायरवर फुली असेल तर ती मानावी. मग पुन्हा चार थेंबांची पारख. अनेकदा काम इथेच संपते.

पुनर्लेपन : थेंब तरीही मुरत असतील तर नवा लेप द्यावा, तोही धुतलेल्या कापडावरच. मळावर दिलेला लेप मळाला चिकटतो आणि मळाबरोबर निघून जातो. पाण्यात मिसळायचा लेप मशिनमध्ये एका कपड्याला साधारण १०० मिली पुरतो. सगळीकडे सारखा बसतो, पण आतल्या अस्तरालाही लागतो आणि मग अस्तर घाम शोषत नाही. जाळीचे किंवा लोकरी अस्तर असलेल्या जॅकेटला त्यामुळे फवाराच बरा. ओलसर जॅकेट हँगरला टांगून १५ ते २० सेंमी अंतरावरून फवारावे, खांदे, बाह्या आणि टोपीवर जास्त. दोन मिनिटांनी ओल्या फडक्याने ओघळ टिपून घ्यावेत, नाहीतर वाळल्यावर पांढरे डाग राहतात. फवारणी उघड्यावर करावी. सूक्ष्म तुषार श्वासात गेल्यास फुप्फुसांना इजा होते. काही लेपांना उष्णता लागते, काही नुसत्या हवेत बसतात. हे बाटलीवर लिहिलेले असते आणि बहुतेकांच्या नजरेतून तेच सुटते.

पूर्वी हे लेप दीर्घ साखळीच्या फ्लोरीनयुक्त रसायनांचे असत. त्यांच्याशी निगडित पीएफओए हे रसायन २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या (दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) बंदी-यादीत गेले, आणि उत्पादक आता फ्लोरीनमुक्त लेपांकडे वळले आहेत. नवे लेप पाणी झटकतात, पण तेल झटकत नाहीत. म्हणून नव्या जॅकेटला मळ लवकर बसतो आणि ते जुन्यापेक्षा जास्त वेळा धुवावे लागते.

मर्यादा : मेणकापडाला यातले काहीच लागू नाही, ते गार पाण्याच्या स्पंजने पुसावे आणि गरम केलेले मेण पुन्हा चोळावे, साबण लावू नये. पीव्हीसी रेनकोटला लेपाची गरज नसते. पॉलियुरेथेन दमटपणात विघटित होते: आतला थर चिकट होतो, कोंड्यासारखा सुटतो, आणि तिथे कोणताही लेप चालत नाही. शिवणीवरची टेप सुटली असेल, तर तेवढा भाग स्पिरिटने पुसून, वाळवून, शिवण-सीलंट लावता येतो. कपडा पूर्ण वाळवून, घडी न घालता, हवेशीर जागी टांगून ठेवल्यास हे विघटन लांबते. ओले जॅकेट पिशवीत कोंबून ठेवल्यास ते लवकर सुरू होते.