घोड्याएवढ्या मुंगीचा श्वास

भाच्याने एक जग तयार केलंय. दोनशे पानी वहीत त्याचा नकाशा आहे, आकाशात तीन चंद्र आहेत, उलट्या दिशेने वाहणारी एक नदी आहे आणि घोड्याएवढ्या मुंग्यांवर बसून लढणारं एक सैन्य आहे. सैन्याचं नाव 'मुंगीदळ'. मुंगीचं चित्र झकास जमलं होतं. पाठीवर खोगीर, स्पृशांना, म्हणजे डोक्यावरच्या मिशांना, पितळी टोपणं, डोळ्यांत भरपूर राग. "मामा, अशी मुंगी खरंच असू शकेल?" त्याने विचारलं.

मी विचारलं, "हिचं नाक कुठंय?"

"मुंगीला नाक नसतं," तो म्हणाला.

बरोबर आहे, आणि गोम तिथेच आहे.

अशा प्राण्यांबद्दल बोलताना बहुतेक जण वजनावर घसरतात. तो हिशोब चटकन उरकून टाकू. पाच मिलिमीटरची मुंगी 500 पटींनी वाढवली की अडीच मीटर लांब होते. लांबी 500 पट, पायांच्या काटछेदाचं क्षेत्रफळ अडीच लाख पट आणि वजन साडेबारा कोटी पट. पाच मिलिग्रॅमची मुंगी सव्वासहाशे किलोची होते आणि तिच्या पायाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर पूर्वीच्या 500 पट भार येतो. पाय मोडणार. पण कल्पित जगात पायांना पोलाद लावता येतं. श्वासाला काय लावणार?

कीटकांच्या श्वसनाची तऱ्हाच वेगळी. त्यांच्या अंगावर दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात, ती श्वासरंध्रं. तिथून नळ्या आत शिरतात, त्यांना फाटे फुटतात, फाट्यांना आणखी फाटे फुटतात आणि शेवटची टोकं केसाहूनही कितीतरी बारीक होऊन थेट पेशींपाशी पोचतात. म्हणजे हवाच घरपोच जाते. त्यामुळे बहुतेक कीटकांचं रक्त ऑक्सिजन वाहून नेण्याच्या भानगडीत पडत नाही. चिखलात राहणाऱ्या काही अळ्यांमध्ये हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या लाल दिसतात. पण ते अपवाद.

या नळ्यांत, विशेषतः शेवटच्या टप्प्यात, ऑक्सिजन पुढे सरकतो तो विसरणाने, म्हणजे रेणू आपापल्या धडपडीनेच दाटीतून विरळ जागेकडे पसरत जातात तसा. शाळेत आपण विसरण शिकतो ते उदबत्तीच्या वासाच्या उदाहरणाने, आणि ते उदाहरण फसवं आहे. वास खोलीभर पसरतो तो मुख्यतः हवेच्या झुळकांमुळे. निव्वळ विसरणावर सोडलं तर दारात उभ्या माणसाला वास यायला दिवस जाईल.

हे विसरण मला फार आवडतं, तेव्हा जरा थांबतो. साध्या तापमानाला ऑक्सिजनचा रेणू सेकंदाला सुमारे साडेचारशे मीटर वेगाने धावत असतो. बंदुकीच्या गोळीचीच चाल म्हणा! पण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकंही अंतर सरळ कापायच्या आत तो दुसऱ्या रेणूवर आदळतो आणि भलत्याच दिशेला वळतो. अशा टकरा सेकंदाला काही अब्ज होतात. झिंगलेल्या माणसासारखी त्याची चाल असते. प्रत्येक पाऊल जोरात पडतं, पण कुठल्या दिशेला पडेल याचा नेम नाही. अशा चालीचं गणित ठरलेलं आहे. 100 पावलं टाकली की मूळ जागेपासून सरासरी 10 पावलांइतकं दूर जाणं होतं. 100 पावलं दूर जायचं तर 10,000 टाकावी लागतात. अंतर दुप्पट तर वेळ चौपट, अंतर दसपट तर वेळ शंभरपट. वर्गाचा नियम.

आता आकडे घाला. हवेतून एक मिलिमीटर जायला ऑक्सिजनला ढोबळमानाने सेकंदाचा चाळिसावा भाग लागतो. एक सेंटिमीटरला अडीच सेकंद. दहा सेंटिमीटरला चार मिनिटं. आमच्या मुंगीत तो एक मिलिमीटर अर्ध्या मीटरचा झाला, म्हणजे वेळ अडीच लाख पट, जवळजवळ पावणेदोन तास! आणि हे कोरड्या हवेतलं. नळी संपून पेशीतला ओलावा सुरू झाला की विसरण आणखी सुमारे दहा हजार पट मंदावतं. स्वार लगाम खेचेल तेव्हा मुंगी मघाच मेलेली असेल.

आपण जगतो कसे? विसरण फक्त दोन टोकांना वापरून. फुप्फुसातली हवा आणि रक्त यांच्यामध्ये एक मायक्रोमीटरहूनही पातळ पडदा असतो. पलीकडे प्रत्येक पेशीच्या अगदी जवळून एखादी केशवाहिनी जाते. मधला लांबचा पल्ला हृदय रक्ताला ढकलून पार करवतं. या केशवाहिन्यांचं नियमन उलगडल्याबद्दल डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोघ यांना 1920 चं नोबेल मिळालं. कीटकांच्या नळ्यांमधल्या विसरणाचा हिशोब मांडणारेही तेच.

मग जुने राक्षसी कीटक? सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी मेगान्यूरा नावाचा, चतुरांच्या गोतावळ्यातला एक कीटक होता. पंखांचा विस्तार जवळजवळ 65 सेंटिमीटर. तेव्हा हवेत ऑक्सिजन आजच्या 21 टक्क्यांऐवजी 30 च्या आसपास असावा असा अंदाज आहे. 2007 मध्ये अलेक्झांडर कायझर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत चार जातींचे भुंगेरे क्ष-किरणांखाली पाहिले. भुंगेरा जितका मोठा, तितका शरीराचा जास्त वाटा नळ्यांनी व्यापलेला. खरी अडचण पाय धडाला जोडला जातो त्या अरुंद जागी होती. तिथे नळ्यांना जागाच पुरत नाही.

एवढ्यावरून 'ऑक्सिजन वाढला की कीटक राक्षस होतात' असे व्हिडिओ निघतात, ते मात्र गंभीरपणे घेऊ नका. इंग्लंडमध्ये नॉर्थम्बरलँडच्या किनाऱ्यावर 2018 मध्ये आर्थ्रोप्लुराचं जीवाश्म सापडलं. हा आपल्या वाणी किड्याचा अडीच मीटरहून लांब प्राचीन भाऊबंद. पण तो 32 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे ऑक्सिजन शिखराला पोचण्याच्या बराच आधीचा. भरपूर खाणं आणि शत्रूंचा अभाव हीही कारणं असू शकतात. आणि विषय निघालाच आहे तर, 'घटोत्कचाचा सांगाडा' म्हणून फिरणारा तो अजस्र कवटीचा फोटो 2002 मध्ये संगणकावरच्या चित्रस्पर्धेसाठी बनवलेला आहे. स्पर्धेसाठी चांगला होता. पुरावा म्हणून पुढे पाठवू नये.

भाच्याची मुंगी वाचवायची कशी? मी पेन्सिल घेतली. आधी भाता. गांधीलमाशी भिंतीवर बसली की तिचं पोट लयीत आत-बाहेर होताना दिसतं. ती नळ्यांमधली हवा पंप करत असते. आमच्या मुंगीला पक्ष्यांसारख्या हवेच्या पिशव्या दिल्या आणि पोटाचा भाता केला. मग रक्त. खेकड्यांच्या रक्तात तांबं असलेलं हिमोसायनिन असतं, ऑक्सिजन मिळाला की ते निळं होतं. निळं रक्त भाच्याला ताबडतोब पसंत पडलं. त्यासाठी बंद रक्तवाहिन्या आणि दमदार हृदयही आलं.

मग आणखी एक लफडं निघालं. मुंगी अळीपणीच काय ती वाढते. कोशातून बाहेर आल्यावर एक मिलिमीटरही नाही. म्हणजे घोड्याएवढी मुंगी हवी तर आधी तेवढीच, किंबहुना जास्त वजनाची अळी हवी. पांढरी, लिबलिबीत, बिनपायाची, दिवसरात्र कुणीतरी भरवावी लागणारी. भाच्याने किल्ल्याच्या नकाशावरचा दारूगोळ्याचा कोठा खोडला आणि तिथे 'अळीखाना' लिहिलं.

मुंगीच्या पोटापाशी त्याने बाण काढून लिहिलं, 'फुस्स-फुस्स'. थोडा विचार केला. मग खाली बारीक अक्षरात: 'रात्री लपून हल्ला करता येत नाही. आवाज येतो.'