लाईट गेली तरी तारा मेलेल्या नसतात
‘लाईट गेलीच आहे, मग ट्रॅक्टरवरचा जनरेटर सरळ घरातल्या सॉकेटला जोडला तरी चालतं,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. जोडल्यावर दिवे लागतात, पंखा फिरतो, म्हणून ते पटतंही. पण घरातलं वायरिंग मीटरमधून खांबावरच्या तारांना जोडलेलंच असतं. जनरेटरची वीज त्याच वाटेने उलटी बाहेर जाते. डीपीतला ट्रान्सफॉर्मर एरवी 11,000 व्होल्ट उतरवून घरी 230 देतो. उलटीकडून वीज आली की तोच हजारो व्होल्ट चढवतो. खांबावर चढलेल्या वायरमनला हे कसं कळणार? म्हणून मीटरनंतर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच हवाच, म्हणजे घर एका वेळी खांबावरच्या तारांना किंवा जनरेटरला, एकालाच जोडणारा खटका. तपासायचं असं: लाईट असताना, जनरेटर बंद ठेवून, खटका जनरेटरकडे वळवा. घरात एकही दिवा लागता कामा नये.