रेबीजची लस आणि रेबीजची टायटर: परदेशी निघालेल्या कुत्र्याचे दोन वेगळे कागद

"लस तर दरवर्षी देतोच की आम्ही, मग ही आणखी कसली टेस्ट?" पुण्या-मुंबईहून कुत्र्यासकट जर्मनी, नेदरलँड्सकडे निघालेली मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात. बहुतेकदा तो विमानाची तिकिटं काढून झाल्यावर पडतो, तिथेच घोळ होतो.

लसीचा दाखला आपल्या ओळखीचा आहे. कुत्र्याच्या लसीकरणाच्या पुस्तकात बाटलीवरून सोलून चिकटवलेला स्टिकर, त्यावरचा बॅच नंबर, शेजारी तारीख, पुढच्या डोसची तारीख, डॉक्टरांची सही-शिक्का. एवढ्यावरून अमुक दिवशी अमुक लस टोचली, हे कळतं. ती अंगी लागली की नाही, हे कळत नाही. ते टायटर ही रक्ताची चाचणी सांगते. कुत्र्याचं रक्त काढून त्यातलं सीरम वेगळं करतात आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रेबीजविरोधी प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, मोजतात. दर मिलिलिटरला किमान 0.5 आंतरराष्ट्रीय एकक भरली तर पास. एक कागद म्हणजे क्लासची फी भरल्याची पावती, दुसरा म्हणजे गुणपत्रिका.

दवाखान्यात होणारी झटपट किट-टेस्ट इथे चालत नाही. युरोपीय संघाला त्यांनी मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेचाच अहवाल लागतो, त्यामुळे नमुना अनेकदा परदेशी पाठवावा लागतो. लस काही शे रुपयांत होते, टायटरचा खर्च हजारांत जातो. म्हणूनही लोक ती टाळायला बघतात.

गोंधळ वाढवायला मित्रांचे सल्ले असतातच. दुबईहून किंवा अमेरिकेहून युरोपात गेलेला मित्र छातीठोकपणे सांगतो, "आम्हाला नव्हती बुवा लागली टायटर." तो खरंच सांगत असतो. युरोपीय संघाकडे रेबीजच्या दृष्टीने भरवशाच्या देशांची यादी आहे. संयुक्त अरब अमिरात आणि अमेरिका त्यात आहेत, भारत नाही. यादीतल्या देशातून येणाऱ्या कुत्र्याला ओळख पटवणारी मायक्रोचिप, लस आणि पहिल्या लसीनंतर 21 दिवसांची थांबणूक पुरते. भारतातून थेट जाणाऱ्याला टायटर लागतेच.

आता खरी मेख, म्हणजे तारखा. समजा 1 जानेवारीला कुत्र्याला मायक्रोचिप बसवली आणि त्याच दिवशी लस दिली. लसीनंतर 30 दिवस उलटल्यावरच टायटरसाठी रक्त काढता येतं, म्हणजे 31 जानेवारीच्या आसपास. आपण 1 फेब्रुवारी धरू. त्यापुढे तीन महिने थांबायचं. मे महिना उजाडल्याशिवाय कुत्रा युरोपात पाऊल ठेवू शकत नाही. हे तीन महिने रक्त काढल्याच्या तारखेपासून मोजतात, अहवाल हातात आल्यापासून नाही. अहवाल यायला उशीर झाला म्हणून मुदत पुढे जात नाही, आणि तो पटकन आला म्हणून ती कमीही होत नाही. मुदतीमागे कारण आहे. लसीच्या आधीच कुत्र्याला संसर्ग झाला असेल, तर एवढ्या काळात तो बहुधा उघड होतो.

पिल्लाच्या बाबतीत तर घाई करून उपयोगच नाही. 12 आठवड्यांआधी दिलेली रेबीजची लस युरोपात धरत नाहीत. वर 30 दिवस आणि तीन महिने जोडा. पिल्लू सात महिन्यांचं झाल्याशिवाय निघायचं नाव काढू नये.

चिपचा क्रमही तितकाच महत्त्वाचा. चिप 15 अंकी, आयएसओ मानकाची हवी आणि ती लसीआधी किंवा त्याच दिवशी बसलेली हवी. आधी लस आणि आठवड्याने चिप, असं झालं तर ती लस कागदोपत्री कुणाला दिली हे सिद्धच होत नाही. पुन्हा लस, पुन्हा 30 दिवस. म्हणून रक्त काढण्याआधी डॉक्टरांना खांद्यांमध्ये स्कॅनर फिरवायला सांगा, आणि तोच नंबर नळीवरच्या लेबलवर आणि अर्जावर आकडा-आकडा जुळवून घ्या. एक अंक चुकला तर अहवाल कितीही चांगला असो, तो दुसऱ्याच कुत्र्याचा ठरतो.

टायटरचा मोठा फायदा असा की एकदा पास झाली की युरोपसाठी ती आयुष्यभर चालते. पण बूस्टर आधीच्या लसीची मुदत संपायच्या आत द्यायला हवा. एका दिवसाने चुकला तरी पुढची लस 'पहिली' ठरते आणि टायटर, तीन महिने, सगळं नव्याने. थोडक्यात, टायटरचा जीव लसीत अडकलेला आहे. पुढच्या डोसची तारीख म्हणूनच भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल शाईने लिहून ठेवावी.

एकच डोस झालेली तरुण कुत्री कधीकधी टायटरमध्ये नापास होतात. त्याने कुत्रा आजारी ठरत नाही. पुन्हा लस देऊन पुन्हा रक्त काढायचं. प्रतिपिंडं लसीनंतर काही आठवड्यांनी शिखर गाठून उतरू लागतात, त्यामुळे 30 दिवस झाले की रक्त काढून मोकळं व्हावं, चार-सहा महिने लांबवू नये.

हे दोन्ही कागद झाले तरी सरकारी आरोग्य प्रमाणपत्र उरतंच. मुंबईत ते केंद्र सरकारच्या अ‍ॅनिमल क्वारंटाइनकडून, म्हणजे एक्यूसीएसकडून, घ्यायचं आणि युरोपात पोहोचताना ते 10 दिवसांपेक्षा जुनं नको. ब्रिटनचं गणितही असंच आहे. शिवाय तिथे पोहोचण्याआधी 24 ते 120 तासांच्या आत टेपवर्मवरचं (पोटातल्या पट्टकृमीवरचं) औषध दिल्याची नोंद लागते.

अमेरिकेचं जरा वेगळं. 1 ऑगस्ट 2024 पासून भारतासारख्या जास्त धोक्याच्या देशात लस घेतलेल्या कुत्र्याला टायटर करून गेलं तर रक्त काढल्यापासून 28 दिवसांनी प्रवेश मिळतो. टायटर नसेल तर तिकडे 28 दिवसांचं क्वारंटाइन, तेही आपल्या खर्चाने. कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा आणि सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेकडे नोंदलेलं प्राण्यांचं केंद्र असलेल्या विमानतळावरच उतरायला हवं.

आणि युरोपात स्थिरावलेल्यांनी कुत्र्याला दिवाळीला घरी आणायचं ठरवलं, तर टायटर तिकडेच, निघण्याआधी करून निकालाची नोंद युरोपीय पेट पासपोर्टात करून घ्यावी. मग परतताना तीन महिन्यांची अट लागत नाही. न करता आलात, तर रक्त इथे काढावं लागेल आणि कुत्रा आजी-आजोबांकडे आणखी तीन महिने राहील. काही आजी-आजोबांची त्याला हरकत नसते, हा भाग वेगळा.