मृतदेहांमुळे साथ येते का?

'मृतदेह पडून राहिले की साथ येते,' हा समज कोकणात पूर-दरडीनंतर हमखास फिरतो. वैद्यकीय विद्यार्थीही तोच घेऊन वर्गात येतात. तो चुकीचा आहे. बुडून किंवा ढिगाऱ्याखाली गेलेल्या माणसाला बहुधा साथीचा आजार नसतोच (कॉलरा, इबोलाचे मृत्यू वेगळे). देह उचलणाऱ्याने हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले, महाडजवळ तळिये गावावर दरड कोसळली. अशा वेळी धोका असतो तो जिवंतांना: उंदीर-गुरांच्या मूत्राने दूषित चिखलातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूंमुळे होणारा ताप), गढूळ विहिरींतून जुलाब. म्हणून ब्लीचिंग पावडर देहांवर फवारून वाया घालवू नका, विहिरीत वापरा. हजार लिटरला साधारण २.५ ग्रॅम, अर्ध्या तासाने लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे. गाळ क्लोरीन खातो, त्यामुळे गढूळ पाण्याला मात्रा वाढवावी लागते.

घाईच्या सामूहिक अंत्यसंस्काराने मात्र खरे नुकसान होते. ओळख पटत नाही, मृत्यूचा दाखला आणि भरपाई अडते, घरचे वर्षानुवर्षे वाट पाहतात. विद्यार्थ्यांकडून हेच घोटून घ्यावे: देह हलवण्याआधी क्रमांक बांधा, त्या क्रमांकासह चेहरा, कपडे, खुणांचे फोटो काढा, जागा-वेळ लिहा.