घरच्या घरी ध्वनिमुद्रण : एकट्याने वाजवणाऱ्या-गाणाऱ्या कलाकारांसाठी साहित्याची निवड

गिटार, बासरी, व्हायोलिन किंवा हार्मोनियम यांसारखे विजेवर न चालणारे वाद्य एकट्याने वाजवणाऱ्या, किंवा वाद्याच्या साथीने स्वतः गाणाऱ्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक तयार केले आहे. माइक पाहायला आलेल्या ग्राहकाला आम्ही आधी बजेट विचारत नाही. आपण कोणत्या खोलीत बसून वाजवणार आणि गाणे व वाद्य एकाच वेळी रेकॉर्ड करणार की वेगवेगळे, हे दोन प्रश्न आम्ही आधी विचारतो. खरेदीचे बहुतेक निर्णय या दोन उत्तरांवर ठरतात, आणि पहिले उत्तर ऐकल्यावर मनात धरून आणलेला महागडा माइक तूर्त बाजूला ठेवा, असेही आम्हाला कधीकधी सांगावे लागते.

आधी खोली

वाजवणाऱ्याला स्वतःच्या खोलीची सवय झालेली असते, त्यामुळे तिचा घुमारा त्याच्या लक्षात येत नाही. माइक मात्र तो जसाच्या तसा टिपतो. रिकाम्या खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीमागून झर्रकन थरथरत जाणारा, पत्र्यासारखा आवाज आला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे परतवत आहेत असे समजावे. त्यानंतर पंखा बंद करून, नेहमीच्या जागी वाद्य घेऊन बसावे आणि काहीही न वाजवता एक मिनिट रेकॉर्ड करावे. त्यासाठी हाताशी असलेले कोणतेही साधन चालेल. ते हेडफोनवर ऐकताना भिंतीवरचे घड्याळ, शेजारच्या खोलीतला फ्रिज, खुर्चीची कुरकुर आणि गिटारच्या पाठीवर घासणारे शर्टाचे बटण, या सगळ्यांची हजेरी लागते. यातल्या एकाही गोष्टीवर महाग माइक हा उपाय नाही. उलट तो त्या अधिक स्पष्ट ऐकवतो.

घुमारा कमी करण्यासाठी जाड रजई, गादी, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट किंवा पुस्तकांनी गच्च भरलेले शेल्फ यांचा चांगला उपयोग होतो. रजई टांगायची ती बहुतेक जण समजतात तशी माइकच्या मागे नाही, तर वाजवणाऱ्याच्या पाठीमागे. कारण समोरचा आवाज अधिक घेणाऱ्या, म्हणजे कार्डिऑइड प्रकारच्या माइकचे तोंड कलाकाराकडे आणि पर्यायाने त्याच्या मागच्या भिंतीकडे असते. फोमच्या पातळ चौकटी आम्हीही विकतो, तरी पहिल्या खरेदीत त्या घेऊ नयेत असेच आम्ही सुचवतो. दोन-तीन सेंटीमीटर जाडीचा फोम फक्त वरचे स्वर शोषतो, खालचे स्वर खोलीत घुमतच राहतात, आणि बाहेरून येणारा आवाज तर तो मुळीच अडवत नाही.

माइक

शांत खोलीत हळुवार वाजणाऱ्या वाद्यासाठी कंडेन्सर माइक घ्यावा. तो तारेवरच्या बोटांचा स्पर्शही टिपतो. मात्र त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या केबलमधूनच पोहोचणारी वीज लागते, आणि ती इंटरफेसमधून, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीतून मिळते. माइकच्या माहितीत 'सेल्फ नॉइज' हा आकडा अवश्य पाहावा, कारण काहीही आवाज नसताना माइक स्वतः किती सळसळतो हे त्यावरून कळते. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० या लोकप्रिय माइकचा हा आकडा २० डेसिबल आहे, तर रोड एनटी१-ए या माइकचा ५ डेसिबल. कागदावर हे अंतर मोठे दिसते आणि बोटांनी हलकेच छेडलेल्या गिटारच्या बाबतीत ते ऐकूही येते. परंतु खोलीचाच आवाज ३० डेसिबलच्या आसपास असेल, तर त्या फरकासाठी मोजलेले जास्तीचे पैसे त्या आवाजाखाली बुडून जातात.

डायनॅमिक माइकला, म्हणजे मंचावर नेहमी दिसणाऱ्या, फँटम पॉवर न लागणाऱ्या प्रकाराला, खोली कमी ऐकू येते, ही समजूत अर्धीच खरी आहे. तो तोंडाजवळ धरला जातो म्हणून खोली कमी येते. तेवढ्याच अंतरावर ठेवलेला कार्डिऑइड कंडेन्सरही खोलीचा जवळपास तेवढाच वाटा घेतो. शुअरचा एसएम५७ हा १९६५ सालापासून आणि एसएम५८ हा १९६६ सालापासून बाजारात आहे, आणि खड्या आवाजाच्या गायकाने एसएम५८ डोळे झाकून घ्यावा. परंतु डायनॅमिक माइकचा सिग्नल क्षीण असतो. शुअरच्याच एसएम७बीला किमान ६० डेसिबल गेन (सिग्नलची वाढ) लागतो, आणि तेवढा गेन रास्त किमतीच्या अनेक इंटरफेसना जेमतेमच झेपतो. त्यामुळे असा माइक घेऊन त्यासमोर हळू आवाजाची बासरी वाजवणाऱ्याच्या पदरी बरीचशी सळसळ पडण्याची शक्यता असते.

यूएसबी माइक सरळ संगणकाला जोडता येतो आणि केवळ एकच माइक कायम पुरणार असेल तर तो वाईट नाही. मात्र पुढे दुसरा माइक हवा झाला की अडचण येते, कारण दोन यूएसबी माइक आपापल्या घड्याळावर चालतात आणि त्यांना एकत्र रेकॉर्ड करणे कटकटीचे होते.

माइक कुठे ठेवावा, यावर तो कोणता आहे याइतकेच अवलंबून असते. गिटारच्या पोकळीच्या तोंडासमोर ठेवलेला माइक ढब्बऽ ढब्ब असा फुगलेला आवाज देतो. तोच बाराव्या फ्रेटसमोर, २० ते ३० सेंटीमीटरवर, किंचित पोकळीकडे वळवून ठेवला की तारा आणि लाकूड दोन्ही ऐकू येतात. बासरीच्या बाबतीत फुंकेचा झोत थेट माइकवर येणार नाही इतका तो वर किंवा बाजूला घ्यावा. गाणे आणि वाद्य एकत्र रेकॉर्ड करायचे असल्यास सुरुवात एकाच माइकने करावी, असा आमचा आग्रह असतो. तो अर्ध्या मीटरवर, छातीच्या उंचीला ठेवून वर-खाली कलवला की दोन्हींचा तोल साधता येतो. दोन माइक लावले तर प्रत्येकात दुसऱ्याचा आवाज शिरतो, आणि दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवले की काही स्वर पोकळ होतात.

इंटरफेस आणि बाकीचे

इंटरफेस दोन इनपुटचा घ्यावा. एका इनपुटचा घेऊन वाचणारे पैसे दुसऱ्या माइकची गरज पडेल त्या दिवशी वाया जातात. वाद्यात पिकअप (तारांचे कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) असेल तर एका इनपुटवर वाद्यासाठीची 'इन्स्ट्रुमेंट' सोय आहे ना, हे पाहून घ्यावे. १९२ किलोहर्ट्झ हा सॅम्पल रेटचा, म्हणजे दर सेकंदाला आवाजाचे किती नमुने (सॅम्पल) घेतले जातात त्याचा, आकडा पाहून जास्त पैसे मोजू नयेत. माणसाच्या कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास आहे आणि नमुन्यांचा दर तिच्या दुपटीहून थोडा जास्त असला की पुरतो, त्यामुळे गाण्यासाठी ४४.१ आणि व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झ पुरेसे आहे. रेकॉर्डिंग मात्र २४ बिटमध्येच करावे, म्हणजे आवाजाचे शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवूनही खालची सळसळ वर येत नाही आणि एखादा स्वर जोरात लागला तरी तो फाटत नाही.

'डायरेक्ट मॉनिटरिंग' ही सोय असलेलाच इंटरफेस निवडावा. ४८ किलोहर्ट्झवर २५६ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी साठवून पुढे पाठवतो तो आवाजाचा तुकडा) ठेवला तर एका दिशेनेच ५.३ मिलिसेकंद जातात, परतीचा प्रवास धरून त्याच्या दुपटीहून अधिक, आणि स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येऊ लागला की लय घसरते. या सोयीमुळे आवाज संगणकात न शिरता थेट हेडफोनमध्ये येतो.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे घ्यावेत. उघड्या पाठीच्या हेडफोनमधली तालाची टिकटिक माइकमध्ये शिरते आणि नंतर काढता येत नाही. स्पीकरची घाई करू नये. दोन भिंतींमध्ये ३ मीटर अंतर असेल तर ५७ आणि ११४ हर्ट्झच्या जवळपासचे स्वर खोलीतच काही ठिकाणी फुगतात आणि काही ठिकाणी नाहीसे होतात, त्यामुळे चांगल्या स्पीकरवरही खर्जाचा अंदाज चुकतो. स्टँड मात्र जड बुडाचा आणि आडव्या दांडीचा असावा. हलक्या स्टँडची दांडी वाजवणे चालू असताना हळूहळू खाली झुकते, आणि ही गोष्ट सगळे ऐकून झाल्यावरच कळते. गायकांनी पॉप फिल्टर (प, फ यांसारख्या अक्षरांची फुंक अडवणारी जाळी) घ्यावा. केबल तीन पिनांची, साधी पण पक्की असली की पुरते.

सॉफ्टवेअरवर सुरुवातीला काहीही खर्च करू नये. ऑडॅसिटी मोफत आहे, ॲपलच्या संगणकांसाठी गॅरेजबँडही मोफत मिळते, आणि रीपर ६० दिवस वापरून पाहता येते.

दुकानात येताना आपले वाद्य सोबत आणावे, आणि वर सांगितलेली, काहीही न वाजवता केलेली एक मिनिटाची रेकॉर्डिंगही आणावी. ती आम्ही आपल्यासोबत बसून ऐकतो आणि त्यानंतरच माइक दाखवायला काढतो.